कात्री आता आपल्या घरात

खोपोलीहून एका भगिनीचे पत्र आले. वहीच्या दोन पानांवर लिहिलेले, नाव छापू नका अशी विनंती केलेले. त्यातली हकीकत साधी होती. रविवारी दुपारी घरातली सगळी माणसे टीव्हीसमोर बसली होती. सिनेमा सुरू होताना कोपऱ्यात ‘यूए १६+’ अशी अक्षरे आली. त्यांचा अर्थ कुणालाच माहीत नव्हता. अर्ध्या तासाने असे दृश्य आले की सासरे पाणी प्यायच्या निमित्ताने उठून आत गेले आणि नवरा रिमोट शोधू लागला. चौदा वर्षांचा मुलगा मात्र जागचा हलला नाही. “त्याने हा सिनेमा मोबाईलवर आधीच पाहिलेला आहे, हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं,” असे त्या लिहितात. पुढे त्यांचे दोन प्रश्न होते. सरकार असले सिनेमे पास तरी कसे करते? आणि आता मी माझ्या मुलाशी काय बोलू?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात सापडते. दुसऱ्याचे तिथे सापडत नाही. पण पहिले नीट समजून घेतले की दुसरे का टाळता येत नाही, हे उमगते. म्हणून आम्ही क्रमाने जातो.

हे पत्र खालापूर तालुक्यातून आले, यालाही अर्थ आहे. चौकहून कर्जतकडे जाणाऱ्या रस्त्यावर कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली स्टुडिओ उभारला. जागा खालापूर तालुक्यातली, पण साऱ्या जगाला तो ‘कर्जतचा स्टुडिओ’ म्हणूनच माहीत. ‘जोधा अकबर’मधला मुघल किल्ला याच मातीवर उभा राहिला होता. २०११ मध्ये ‘बिग बॉस’चे घरही इथेच होते. अश्लील चित्रपटांतून नाव झालेली सनी लिओनी त्या वर्षी त्या घरात राहायला आली आणि देशभरच्या बैठकीच्या खोल्यांतून तिचे नाव पोहोचले. “हे सगळं मुंबईहून येतं,” असे आपल्याकडची वडीलधारी माणसे म्हणतात. त्या वर्षी तरी ते आपल्याच तालुक्यातून बाहेर जात होते.

‘जोधा अकबर’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. २००८ मध्ये तो प्रदर्शित झाला. सेन्सॉरने पास केला होता आणि अश्लीलतेचा आरोप कुणाचाच नव्हता. वाद होता इतिहासाचा आणि समाजाच्या मानापमानाचा. तरीही काही राज्यांनी त्यावर बंदी घातली आणि ती न्यायालयांत टिकली नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे तो आपल्यावरच येणार आहे.

आता कायदा. चित्रपट दाखवण्याआधी सरकारकडून तपासून घ्यायचा, हा नियम इंग्रजांच्या १९१८ च्या कायद्यापासून आहे. स्वतंत्र भारताचा कायदा १९५२ चा. त्याला सर्वात मोठे आव्हान दिले ते ख्वाजा अहमद अब्बास यांनी. मौलाना हाली यांचे हे पणतू. त्यांनी ‘चार शहर एक कहानी’ नावाचा छोटा माहितीपट काढला होता. चार महानगरांतली श्रीमंती आणि त्याच शहरांतली गरिबी शेजारीशेजारी दाखवणारा. त्यात मुंबईच्या वेश्यावस्तीची काही दृश्ये होती. मंडळ म्हणाले, फक्त प्रौढांसाठी. अब्बास यांना सर्वांसाठी असलेला दाखला हवा होता. सरकारने सांगितले, ती दृश्ये कापा, मग देतो. अब्बास थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. खटला चालू असतानाच सरकारने माघार घेऊन दाखला देऊ केला, पण अब्बास यांनी मूळ प्रश्न सोडला नाही. चित्रपटावर आधीपासून पहारा ठेवण्याचा अधिकार सरकारला आहेच कसा, असे त्यांचे म्हणणे होते.

२४ सप्टेंबर १९७० रोजी निकाल आला. तो लिहिला सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्लाह यांनी, देशाच्या पहिल्या मुस्लिम सरन्यायाधीशांनी. चित्रपटाचा परिणाम पुस्तकापेक्षा खोल होतो, म्हणून आधी तपासणी असणे घटनेत बसते, असे त्यांनी मान्य केले. म्हणजे अब्बास मूळ मुद्द्यावर हरले. पण त्याच निकालात त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. लैंगिक विषय आणि अश्लीलता या एकच गोष्टी नव्हेत. आणि समाजातल्या सर्वात विकृत मनाच्या माणसाचा बिघाड होऊ नये म्हणून निरोगी मनाच्या लोकांनी काय पाहावे हे ठरवता येणार नाही. सहा वर्षांपूर्वी, १९६४ मध्ये, याच न्यायमूर्तींनी ‘लेडी चॅटर्लीज लव्हर’ विकणाऱ्या मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम ठेवली होती. माणूस तोच, पण सहा वर्षांत शब्द किती सावध झाले ते पाहण्यासारखे आहे. गरिबी आणि वेश्याव्यवसाय दाखवू द्या म्हणून भांडणारा एक मुसलमान आणि त्याचे ऐकून घेणारा दुसरा मुसलमान, हे आपल्याच घरातले पान आहे. आपल्या मुलांना ते कुणी सांगत नाही.

मराठीतही अशा वाटा झाल्या आहेत. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, कुटुंबनियोजनावर आणि लैंगिक आरोग्यावर उघडपणे लिहिले आणि त्यासाठी खटले सोसले. १९३४ च्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. पुढे ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा आली. तीही अश्लील ठरवली गेली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन १९६९ मध्ये लेखक निर्दोष सुटला. कर्व्यांची सगळी मते आम्हाला पटतात असे नाही. पण घरातल्या बायकांना बाळंतपणाच्या अतोनात ओझ्यातून सोडवू पाहणाऱ्या माणसाला कोर्टात उभे करणारा समाज सभ्य होता, असेही आम्हाला म्हणवत नाही.

आता त्या ‘१६+’ कडे येऊ. १९८३ पर्यंत दोनच दाखले होते, सर्वांसाठी ‘यू’ आणि प्रौढांसाठी ‘ए’. त्या वर्षी मधला ‘यूए’ आला आणि मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ जाऊन ‘प्रमाणन’ आले. नाव बदलले, पण सवयी हळूहळूच बदलल्या. २०१७ मध्ये ‘लिपस्टिक अंडर माय बुरखा’ला मंडळाने दाखलाच नाकारला आणि अपील न्यायाधिकरणाने तो द्यायला लावला. पुढे २०२१ मध्ये ते न्यायाधिकरणच बंद झाले. आता तक्रार असेल तर उच्च न्यायालयात जावे लागते. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे तीन भाग केले: ७+, १३+ आणि १६+. मोबाईलवरच्या ओटीटी मंचांसाठी २०२१ च्या नियमांनी अशाच पायऱ्या आधीच घालून दिल्या होत्या. १३+ पासून पुढे पालकांना कुलूप लावता आले पाहिजे आणि प्रौढांच्या मजकुरासाठी वय तपासले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. थिएटरमध्ये ‘ए’ दाखल्याच्या सिनेमाला मुलाला आत सोडणे हा गुन्हा आहे. ‘यूए १६+’ च्या सिनेमाला चौदा वर्षांच्या मुलाला नेणे हा गुन्हा नाही. तो आकडा पालकांसाठी सल्ला आहे. पूर्वी सरकारने कात्री चालवली की आपण निर्धास्त बसायचो, निदान बसतो असे समजायचो. आता सरकार म्हणते, ‘यात काय आहे ते आम्ही सांगितले, दाखवायचे की नाही ते तुम्ही ठरवा.’ म्हणजे कात्री घरात आली. आणि खोपोलीच्या त्या घरात ती कुणाच्या लक्षातही आली नव्हती.

याच काळात दुसरीकडेही दारे उघडली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन सज्ञान व्यक्तींच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना कलम ३७७ मधून वगळले. त्याच महिन्याच्या २७ तारखेला व्यभिचाराचे कलम ४९७ रद्द केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन्ही कलमे नाहीत. तेव्हा आपल्या मोहल्ल्यांतून एकच सूर ऐकू आला, “आता सगळं हलाल झालं.”

तसे झालेले नाही. गुन्हा आणि गुनाह हे शब्द कानाला सारखे लागतात, अर्थ वेगळा आहे. जे पाप आहे ते सरकारने शिक्षा काढली म्हणून पुण्य होत नाही. पण आपण हेही पाहावे की कलम ४९७ काय होते. परक्याच्या बायकोशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषावर फक्त तिच्या नवऱ्याने तक्रार करायची, आणि नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. बायको म्हणजे नवऱ्याची मालमत्ता, असा त्याचा सरळ अर्थ. असल्या कायद्यासाठी इस्लामचे नाव घेऊन अश्रू ढाळायचे कारण काय? आपल्या शरिअतमध्ये जिनाचा आरोप सिद्ध करायला चार प्रत्यक्ष साक्षीदार लागतात आणि ते आणता आले नाहीत तर आरोप करणाऱ्याच्याच पाठीवर फटके आहेत. सूरह हुजुरातमध्ये दुसऱ्याचे दोष हुडकत फिरायला मनाई आहे. शेजाऱ्याच्या भिंतीआड डोकावण्याचा परवाना आपल्याला दीनने कधी दिला नव्हता.

आणि कायदा सगळीकडून सैल झाला, हेही खरे नाही. सज्ञानांसाठी तो मागे सरला, मुलांसाठी मात्र पुढे आला. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येकाला मूल मानले. त्या वयात संमतीला अर्थ नाही. ऑक्टोबर २०१७ च्या निकालानंतर पत्नी अठराच्या आतली असेल तर नवऱ्यालाही बलात्काराच्या कलमातून सूट नाही, निकाह झाला आहे हे सांगून सुटका होत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी स्पष्ट केले की लहान मुलांची अश्लील चित्रफीत मोबाईलमध्ये साठवून ठेवणेही गुन्हा ठरू शकते. कुणीतरी ग्रुपवर टाकली म्हणून आली, एवढे सांगून भागेलच असे नाही. आमच्या ओळखीतल्या कितीतरी पालकांना यातले एकही वाक्य माहीत नव्हते. त्यांच्या मुलांना तर नाहीच.

मुलांना शाळेत हे कळावे, अशीही सोय फारशी नाही. २००७ मध्ये किशोरवयीन मुलांच्या शिक्षणाचा कार्यक्रम आला तेव्हा महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गदारोळ झाला आणि तो थांबवण्यात आला. त्यात आपलेही काही लोक होते, बहुसंख्य समाजाचेही होते. या एका बाबतीत सगळ्यांचे एकमत झाले. कायदा पुढे गेला, मोबाईल त्याच्याही पुढे गेला, आणि मधली शिकवण्याची जागा रिकामी राहिली.

बंदीची मागणी मात्र आपण लगेच करतो. २०२४ मध्ये ‘हमारे बारह’ हा चित्रपट आला. त्याचे टीजर पाहून आपल्या समाजात संताप झाला आणि तो अनाठायी नव्हता, कुरआनच्या आयतीचा अर्थ त्यात मोडून-तोडून वापरला होता. कर्नाटक सरकारने प्रदर्शन रोखले. मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी चित्रपट स्वतः पाहिला, काही भाग बदलायला सांगितला आणि मग प्रदर्शनाला मोकळीक दिली. त्यावरून वाईट वाटलेले एक गृहस्थ आम्हाला कर्जतच्या स्टेशनाबाहेर भेटले. आम्ही विचारले, “जोधा अकबरवर बंदी घातली तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?” ते हसले. “तेव्हा बंदी चुकीची वाटली होती.” आम्हीही त्यांच्यासोबत हसलो, कारण आमचेही तेच होते. ज्या न्यायालयाकडे आपण आपल्या विरोधातले थांबवायला जातो, तेच न्यायालय आपल्या बाजूचे वाचवते. आयतीचा चुकीचा अर्थ लावला जात असेल तर कोर्टात जाऊन तेवढे दाखवणे हा रास्त मार्ग आहे, आणि तो थोडाफार यशस्वीही झाला. पण खोपोलीच्या त्या मुलाच्या हातातल्या मोबाईलला कुठल्याच बंदीचे आदेश पोहोचत नाहीत. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने अश्लील मजकुराबद्दल पंचवीस अॅप आणि संकेतस्थळे बंद केली. आम्ही नेरळच्या एका मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात विचारले, फरक पडला का? दुकानदार मुलगा म्हणाला, “चाचा, ती नावं तर आम्हाला बंद झाल्यावरच कळली.”

मग घराकडे. इथे आम्ही थोडे कडू बोलणार आहोत.

आपल्याकडे हयाची सगळी राखण मुलींच्या माथी आहे. तिचा मोबाईल रात्री अम्मीच्या उशाखाली, तिची ओढणी, तिचे येणे-जाणे, तिचे हसणे. मुलगा रात्री दोन वाजेपर्यंत गोधडीत उजेड लावून पडलेला असतो आणि आपण म्हणतो, अभ्यास करतोय. सूरह नूर उघडून पाहा. नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्याच्या नंतरच्या आयतीत. आपण क्रम उलटा केला आणि पुरुषांची आयत सोडूनच दिली.

त्याच सूरहमध्ये पुढे आणखी एक हुकूम आहे, जो फारसा कुणी सांगत नाही. फजरच्या आधी, दुपारी कपडे सैल करून विसावताना आणि इशानंतर, या तीन वेळी वयात न आलेल्या मुलांनीही आई-बापाच्या खोलीत विचारून यावे. लहान मुलाला हे शिकवायचे म्हणजे काही तरी कारण सांगावे लागते. शरीराला एकांत असतो, दाराला मान असतो, ही त्याची पहिली शिकवण तिथूनच होते. खोपोलीच्या चाळीत एकाच खोलीत सहा माणसे झोपतात, तिथे हे कसे पाळायचे, असा प्रश्न एका आपांनी आम्हाला केला. त्यांनी स्वतःच मार्ग काढला आहे: मध्ये जाड पडदा, आणि पडद्याजवळ आल्यावर खोकायचे. त्यांच्या पाच वर्षांच्या नातवाला खोकायची इतकी सवय लागली आहे की तो न्हाणीघराच्या दारातही खोकतो.

लाजेमुळे विचारायचे नाही, हेही आपल्या परंपरेत नाही. हजरत उम्मे सुलैम (रजि.) यांनी स्त्रीला स्वप्नदोष झाला तर गुस्ल करावा का, हे प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले. त्यांनी उत्तर दिले, रागावले नाहीत. अन्सारच्या स्त्रिया दीन समजून घेताना लाजत नाहीत, म्हणून हजरत आयेशा (रजि.) यांनी त्यांची तारीफ केली. मकतबमध्ये गुस्ल आणि हैजचे मसले आपल्या मुली पाठ म्हणून दाखवतात. पण मासिक पाळी पहिल्यांदा आली की तीच मुलगी घाबरून शाळेतल्या मैत्रिणीला विचारते. पाठांतर आणि बोलणे यांच्यामध्ये कुठेतरी आपण दार लावून घेतले आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे मुलाशी काय बोलावे यासाठी, आम्हाला एकच हदीस आठवते. एक तरुण प्रेषितांकडे (स.) आला आणि जिनाची परवानगी मागू लागला. लोक त्याच्यावर ओरडले. प्रेषितांनी (स.) त्याला जवळ बोलावून बसवले आणि विचारले, तुझ्या आईसाठी हे तुला चालेल का? मुलीसाठी? बहिणीसाठी? आत्यासाठी, मावशीसाठी? प्रत्येक वेळी तो नाही म्हणाला. मग त्यांनी त्याच्यावर हात ठेवून दुआ केली. या हदीसमध्ये आम्हाला सगळ्यात मोलाचे वाटते ते ‘जवळ बसवले’ हे. तो मुलगा प्रश्न घेऊन येऊ शकला. आपला मुलगा आपल्याकडे येतो का?

एका मौलानांनी आम्हाला बजावले, “मोबाईल हिसकावून घेऊ नका, आधी विचारा.” त्यांच्या मकतबमध्ये ते मोठ्या मुलांना वर्षातून दोनदा वेगळे बसवतात, बालिग होणे म्हणजे काय, गुस्ल कधी फर्ज होतो, कुणी अंगाला हात लावला तर कुणाला सांगायचे, हे सांगतात. पहिल्या वर्षी दोन वडील भांडायला आले होते. या वर्षी त्यातल्या एकाने स्वतःचा धाकटा मुलगा आणून बसवला. मुलींसाठी तसे करायला त्यांना बाई शिक्षिका मिळत नाहीत. ही अडचण आम्ही इथे मुद्दाम नोंदवतो. कर्जत, नेरळ किंवा खोपोलीतल्या कुणी डॉक्टर, परिचारिका किंवा शिक्षिका भगिनी तयार असतील तर त्यांनी आमच्या पत्त्यावर कळवावे.

खोपोलीच्या भगिनीला आम्ही हे सगळे लिहिले नाही. एवढेच लिहिले की मुलाशी तुम्ही बोलण्यापेक्षा त्याच्या अब्बांनी बोलावे, घरात नको, चालता चालता बोलावे, आणि सुरुवात सिनेमापासून न करता स्वतःच्या वयाच्या चौदाव्या वर्षापासून करावी. सोबत यूएच्या तिन्ही आकड्यांचा अर्थ आणि मोबाईलमध्ये पालकांचे कुलूप कसे लावायचे ते कागदावर उतरवून पाठवले.

तीन आठवड्यांनी त्यांचा फोन आला. नवरा आधी तयार नव्हता, “मला माझ्या बापाने काही सांगितलं होतं का?” म्हणाला. मग एका जुम्म्याला नमाजनंतर तो मुलाला घेऊन निघाला. टाटांच्या वीजगृहातून सुटलेले पाणी पाताळगंगेला मिळते त्या बाजूला दोघे गेले आणि असरच्या अजानपर्यंत परत आले नाहीत. काय बोलणे झाले ते त्यांनी विचारले नाही, दोघांनी सांगितलेही नाही. त्या रात्री झोपताना मुलाने मोबाईल फ्रिजवर ठेवला. आणि त्याच्या शेजारी, त्या हसत म्हणाल्या, अब्बांचाही होता.